फोटोतली चेतना

आमच्या दंडारीत एक नियम आहे. बाईचं सोंग अंगावर चढलं की ते उतरेपर्यंत स्वतःचं नाव घ्यायचं नाही, कोणी विचारलंच तर सोंगाचं नाव सांगायचं. हा नियम कोणी केला ते आमच्यात कोणालाच माहीत नाही. पण मोडला तर खेळ बिघडतो म्हणतात, आणि खेळ बिघडला की दोष बाईचं सोंग घेणाऱ्यावरच येतो. म्हणून मी तो पाळतो. पाळला म्हणूनच पुढचा सगळा घोळ झाला. नाहीतर मी ओमेश, कोहमाऱ्याहून आत पिपरटोल्याला राहणारा, धानाची शेती करणारा, छत्तीस वर्षांचा बिनलग्नाचा माणूस. माझा फोटो पाहून कोणी घरी यावं असं माझ्यात काही नाही.

दिवाळी झाली की आमच्याकडे गावोगाव मंडई भरते. दुकानं लागतात, लेकीबाळी माहेरी येतात, पाहुणे घरोघर जेवतात आणि रात्री दंडार होते, म्हणजे नाच, गाणी आणि एखादं घरगुती नाटक. त्यात बायकांची कामं आम्ही पुरुषच करतो. मी सुनेचं काम करतो. खऱ्या आयुष्यात माझ्या मायला सून मिळाली नाही, ती मी स्टेजवर दरसाल दुसऱ्याच्या घरी जाऊन होतो, अशी गंमत गावातली माणसं मला मागेच ऐकवून चुकली आहेत. माझ्याआधी त्यांनीच ती केली याचं मला जास्त वाईट वाटतं.

मंडईत सोयरिकीही जुळतात. माय दरसाल नवं लुगडं नेसून ओट्यावर बसते, येणाऱ्या-जाणाऱ्याला हाक मारते, चहा पाजते. मुलीकडचे लोक सुरुवातीला यायचेही. पोरगा काय करते, असं विचारायचे. शेती म्हटलं की कपातला चहा अर्धा ठेवून उठायचे. चपराशी चालेल, शेतकरी नको, असं एका बाईने तर मायच्या तोंडावर सांगितलं होतं. मग येणंच बंद झालं. माय मात्र अजून ओट्यावर बसते.

यंदाच्या मंडईत गोंदियाहून आचल नावाची एक पोरगी कॅमेरा घेऊन आली होती. कुडव्याला राहते, स्कुटीवर मंडया फिरते आणि सोंगं घेतलेल्या माणसांचे फोटो काढते, असं ती सांगत होती. दुपार उतरायला लागली होती. गेल्या सालच्या धानाच्या तणसाच्या ढिगाला तिने काळी चादर लावली आणि एकेकाला पुढे उभं केलं. आमचा राक्षस शिंगं लावून उभा राहिला, शिपाई लाकडी बंदूक छातीशी धरून उभा राहिला. सगळ्यांना घाई, सगळ्यांना हसू. माझी पाळी आली तेव्हा तिने मला स्टुलावर बसवलं, पदर नीट केला, मागे सरकून पाहिलं, परत पुढे येऊन कपाळावरची बट बाजूला केली.

"हसू नका," ती म्हणाली. "किसी का रास्ता देख रहे हो, असं बघा."

आता याच कामात मी पट्टीचा. तिने सांगितलं तसं पाहिलं. ती खूप वेळ फोटो काढत राहिली, कधी गुडघ्यावर बसून, कधी तिरकी होऊन. माझ्याकडे इतका वेळ कोणी पाहिलंय असं मला आठवत नाही. डॉक्टरही पाहत नाही. सोंगातल्या बाईकडे ती पाहत होती हे मला कळत होतं, तरी मी जागचा हललो नाही. शेवटी तिने नाव विचारलं. मी नियमाप्रमाणे चेतना असं सांगितलं. गाव विचारलं, तेही सांगितलं. तिने मोबाइलवर लिहून घेतलं.

पहाटे खेळ संपला. मी तोंड धुऊन, पँट चढवून बाहेर आलो तेव्हा ती सामान आवरता आवरता सूर्य उगवण्याचा फोटो काढत होती. मी जवळ जाऊन उभा राहिलो. फोटो चांगला आला का, एवढंच विचारायचं होतं. तिने मान वर करून पाहिलं आणि म्हणाली, "भैया, थोडं बाजूला व्हा ना, फ्रेममध्ये येऊन राहिले तुम्ही." मी बाजूला झालो. मला फार एकटं वाटलं, आणि त्यात तिची काही चूक नव्हती.

तिने ते फोटो इंटरनेटवर टाकले. राक्षस राक्षस म्हणून ओळखू आला. माझ्या फोटोत ना मुकुट होता ना पिसं. साधी साडी, गळ्यात मण्यांची माळ, नाकात नथ, आणि खाली लिहिलेलं, चेतना, पिपरटोला. सणासाठी नटलेली घरातली पोरगी म्हणून तो फोटो या फोनवरून त्या फोनवर फिरला. मलाही कोणीतरी पाठवला. बांधावर बसून मी तो पाहायचो. खोटं कशाला बोलू, मलाही ती आवडली. अशी कोणी घरात असती तर संध्याकाळी शेतावरून परतायला बरं वाटलं असतं.

धान कापून झालं, चुरणं म्हणजे मळणी झाली, आणि एक दिवस दुलीचंद घरी आला. चौकात त्याची पानटपरी आहे आणि गावाच्या सगळ्या खोड्या तिथेच शिजतात. नागऱ्याकडचे टिकाराम म्हणून एक सज्जन शेतकरी रविवारी सोयरिकीचं बोलायला येत आहेत, असं त्याने मायला सांगितलं. चेतनाचं घर कोणतं म्हणून त्यांनी टपरीवर फोन करून विचारलं होतं, आणि याने आमचं घर सांगितलं होतं, हे मात्र तो बोलला नाही. गालातल्या गालात हसत होता, पण तो नेहमीच तसा हसतो.

माय दोन दिवस जमिनीवर नव्हती. अंगण सारवलं, शेजारून खुर्च्या आणल्या, मला दाढी करायला पिटाळलं. मी नको नको म्हणत होतो, पण मीही इस्त्रीचा शर्ट काढलाच. आशा सुटत नाही माणसाची.

टिकाराम आले, सोबत त्यांचा मुलगा प्रफुल. माझ्याच वयाचा, केसांना तेल, खिशात पेन. मायने त्याला मुलीचा भाऊ समजलं. त्यांनी मला मुलीचा भाऊ समजलं. पोहे झाले, पिकापाण्याचं बोलणं झालं, आणि माय मुद्द्यावर आली.

"माझं लेकरू लय गुनाचं हाय," ती म्हणाली. "सैंपाक बी येते, धान बी कापते. गानं म्हनाले गरा तं असा गोड का बस."

माय मला लहानपणापासून लेकरूच म्हणते. आणि लेकरू या शब्दाला पोरगाही म्हणता येत नाही आणि पोरगीही. टिकाराम खूश झाले. आम्हाला काहीच विचारायचं नाही, फोटो पाहिला तेव्हाच आम्ही पसंत केलं, असं ते म्हणाले.

"डोरे लय बोलके हायेत," ते पुढे म्हणाले.

मायने माझ्या डोळ्यांकडे पाहिलं आणि तिचं तोंड असं उजळलं की मी जन्मात तसं पाहिलं नव्हतं. मायच्या वळणावर गेलेत, असं म्हणून तिने पदराने आपलेच डोळे पुसले. मला तेव्हाच कळलं होतं. माझा एकच फोटो घराबाहेर गेला होता. उठावं आणि सांगून टाकावं, असं मनात येत होतं. पण मी कोणालातरी पसंत पडलो, हे तिला पहिल्यांदाच ऐकायला मिळालं होतं, आणि ते तिच्याकडून काढून घ्यायला माझी जीभ उचलेना.

मग टिकाराम म्हणाले की आता पोरीला बोलवा.

"कोनत्या पोरीले?" मायने विचारलं.

प्रफुलने मोबाइल काढला आणि उठून तिच्या हातात दिला. मायचा फोन बटणांचा, तिने हा फोटो कधी पाहिलाच नव्हता. तिने तो लांब धरला, जवळ धरला. साडी तिचीच होती, नथही तिचीच. बाहेर रस्त्यावरून दुलीचंद आणि आणखी दोघं-तिघं मुद्दाम हळूहळू जात होते, त्यांचं हसणं ऐकू आलं.

"हा माझा ओमेश होय," माय म्हणाली. "दंडारीत सून होते थो."

टिकारामांचा चेहरा उतरला. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग हातातल्या बशीकडे. पाहुण्याचा अपमान झाला म्हणून भांडले असते तर बरं झालं असतं, मीही भांडलो असतो, रागाला माझ्याकडे काही कमी नाही. पण त्यांनी फक्त बशी खाली ठेवली. प्रफुल उभाच होता. मायच्या हातातून त्याने मोबाइल परत घेतला, पुन्हा एकदा त्यात पाहिलं, आणि मला म्हणाला, "दररोज पाहत होतो जी मी हा फोटो."

"मी बी," मी म्हटलं.

तो हसला नाही. मला वाटतं, त्या दिवशी माझं म्हणणं त्याला एकट्यालाच समजलं. लग्न जमलं असतं तर आम्ही दोघं चांगले साळे-भाटवे, म्हणजे मेव्हणे-मेव्हणे, झालो असतो.

जायला निघाले तेव्हा मायने त्यांना थांबवलं. इतक्या वर्षांत जमलेली सगळी हिंमत तिने एका वाक्यात खर्च केली. "भाऊ, तुमच्या घरी पोरगी हाय काय?" तिने विचारलं.

टिकाराम चपला घालता घालता थबकले. घरात मुलगी असली तर माय काय मागणार, ते त्यांना कळलं होतं, मला कळलं होतं, प्रफुल तर अंगणातल्या कोंबडीकडे पाहायला लागला होता.

"होती बाई," ते म्हणाले. "मागच्या साली देली." मग थोडं थांबून, खाली पाहून म्हणाले, "नोकरीवाला पाह्यला. शेतकरी लय आले होते, पन जीव नाई झाला."

स्वतःच्या शेतकरी पोरासाठी दारोदार फिरणारा माणूस स्वतःच्या दारातून शेतकऱ्यांना परत पाठवून आला होता, आणि ते त्याने आमच्या अंगणात उभं राहून, न लपवता सांगितलं. मला वाटलं, आता माय बोलेल. अर्धा चहा टाकून उठलेल्या साऱ्या पाहुण्यांचा हिशेब ती यांच्याकडून मागेल. मी तिला आवरायची तयारीही केली.

"चांगलं केलं भाऊ," माय म्हणाली. "मले पोरगी असती तं मी बी तेच केलं असतं."

माझ्यासमोर म्हणाली, आणि म्हणताना माझ्याकडे पाहिलंही नाही. टिकारामांनी हात जोडले, प्रफुलने गाडी सुरू केली, आणि ते गेले. माय आत जाऊन पोह्यांच्या बश्या घासायला बसली. मी खुर्च्या उचलल्या आणि शेजारी परत द्यायला निघालो.