पुठ्ठ्याचं कमानिया गेट

माझी काकू गेली.

हे वाक्य मी परत घेतो. तसं काही झालेलं नाही. काकू आहे, जबलपूरला गढा भागातल्या घरी आहे, आणि तिच्या बैठकीच्या खोलीत इतकी गर्दी आहे की चपलांची रांग शेजारच्या किराणा दुकानात शिरली आहे. दुकानदाराने त्यातले दोन जोड चुकून विकले, असं ऐकतो.

खोलीत खिडकीशी एक स्टूल. स्टुलावर पुठ्ठ्याचं कमानिया गेट, आजूबाजूला पुठ्ठ्याचा बाजार, आणि रस्त्याच्या कडेला स्ट्रॉच्या खांबांवर इवले इवले दिवे. मागे भिंतीवर यशश्रीचा हार घातलेला फोटो. यशश्री म्हणजे काकूची एकुलती एक मुलगी, माझी चुलत बहीण. मागच्या वर्षी दिवाळी झाली आणि ती डेंगूने गेली. शाळेच्या विज्ञान प्रदर्शनासाठी तिने हे गेट केलं होतं. प्रदर्शन झालं, तिच्याशिवाय. मैत्रीण प्रणोतीने मॉडेल घरी आणून दिलं आणि त्यानंतर प्रणोतीच्या रेल्वेतल्या वडिलांची इटारसीला बदली झाली.

काकू सहा महिने कुणाशी नीट बोलली नाही. जेवण ताटात फिरवायची. एके दुपारी तिने फोटोला वाकून नमस्कार केला आणि गेटाजवळचे सगळे दिवे लागले. उभी राहिली, विझले. पुन्हा वाकली, लागले.

त्या रात्री काकू दोन पोळ्या जेवली.

"काकू, वायरिंग आहे ते," मी म्हणालो. मी वरच्या मजल्यावर राहतो आणि बी. कॉम. करतो, म्हणजे वायरिंगबद्दल माझं ज्ञान एवढंच.

"वायर तर मलेही दिसून राहिली, अनुपम. पण जोडली कोणी? तिनंच ना?"

याचं उत्तर अच्युतकाकांकडे असायला हवं होतं. ते तोफांच्या फॅक्टरीत चार्जमन, आयुष्य वायरी आणि स्प्रिंगांत गेलेलं. पण ते पेपर वाचत राहिले. पेपर उलटा होता.

मग श्यामसुंदर महाराज आले. पूर्वी खऱ्या कमानिया गेटाजवळ, बड्या फुहाऱ्यावर त्यांचं चादरींचं दुकान होतं. मग दुकान बसलं आणि महाराज उठले. आल्या आल्या त्यांनी गेटाच्या माथ्यावरची वाटाण्याएवढी चकती पाहिली. तिच्यावर नागमोडी तांबूस रेघ होती.

"शेषनाग!" महाराज म्हणाले. "बिटिया शेषनाग के फन पर बैठी है।"

दर्शनाची वेळ त्यांनीच ठरवली: फक्त दिवसा. रात्री दिवे आपोआप लागायचे आणि सकाळपर्यंत जळायचे. "रात को बिटिया पढ़ती है, डिस्टर्ब नहीं करना," असं कारण मिळालं. वीज गेली की बिटिया विश्राम करायची. मॉडेल जुन्या मोबाइलच्या चार्जरवर चालायचं, पण शेषनागाला चार्जर लागतो का हे कुणी विचारलं नाही.

लोक प्रश्न विचारायचे. दिवा लागला तर हो, नाही लागला तर नाही. शेजारच्या अंजनीदीदींनी विचारलं, माझा बंटी इंजिनियर होईल का? "माथा टेको," महाराज म्हणाले. त्यांनी टेकला. दिवे लागले. बंटी तेव्हा सहावीत दुसऱ्यांदा होता. एकाने विचारलं, भावाला घरात हिस्सा द्यावा का? "दूर से हाथ जोड़ो, भैया." दिवे लागले नाहीत. तो आनंदाने निघून गेला. भाऊ अजून येतो, बाहेर उभा राहतो.

आषाढात काकूच्या छातीत गाठ सापडली. डॉक्टर म्हणाले, लगेच काढू. काकू घरी आली, सरळ स्टुलासमोर.

"यशू, ऑपरेशन करू का ग?"

"दूर से," महाराज म्हणाले.

काकू दारातून हात जोडून उभी राहिली. दिवे लागले नाहीत.

"चातुर्मास में शस्त्र नहीं लगाते, माई. पूछ लो, रुकना है क्या? अब माथा टेको।"

काकू वाकली. सगळा पुठ्ठ्याचा बाजार उजळला.

मी भांडलो. महाराजांच्या भक्तांनी मला जिन्यापर्यंत पोचवलं, तसंही मला तिकडेच जायचं होतं. काका म्हणाले, "तुळशीचं लग्न झालं की नेतो तिला. पक्कं." आणि पेपर उघडला.

कार्तिकात यशश्रीचं वर्षश्राद्ध आलं. इटारसीहून प्रणोती आली. आता अकरावीत होती, उंच झाली होती. तिने आधी फोटो पाहिला, मग गेट, मग गर्दी.

"काकू, एलडीआरवर कुंकू कोणी लावलं?"

"कशावर ग?"

"हे गोल. याला उजेड समजतो. कुंकू लावलं तर कसं दिसेल त्याला?" तिने ओढणीच्या टोकाने कुंकू पुसलं. खोलीत कुणीतरी 'हाय राम' म्हणालं.

"बेटी, दूर से," महाराज पुढे झाले. दिवे लागले.

"महाराज, थोडे बाजूला व्हा. तुमची सावली पडून राहिली."

महाराज बाजूला झाले. दिवे विझले.

मग अंजनीदीदी हळूच म्हणाल्या, "महाराज, ज़रा वापस आना." ते आपसूक आले. दिवे लागले. "अब जाना." गेले. विझले. "फिर आना." पाचव्या वेळेस महाराजांना कळलं की आपण स्विच झालो आहोत. चादरी विकताना उजेडात कुठे उभं राहायचं, हे शिकायला त्यांना वीस वर्षं लागली असतील; ते इथे पाच फेऱ्यांत विसरले. निघताना त्यांच्या चपला दुकानात सापडल्या नाहीत. अनवाणी गेले. त्या दिवसातला तेवढाच चमत्कार.

लोक हसत होते. काकू हसत नव्हती. ती उठली, स्टुलासमोर आली आणि वाकली. प्रणोतीने दाखवण्यासाठी चकतीवर मोबाइलचा टॉर्च धरला होता. दिवे लागले नाहीत. काकू पुन्हा वाकली. पुन्हा. कपाळ स्टुलाला लागलं.

"काहून लागत नाही ग आता?"

प्रणोतीने टॉर्च बंद केला. तिलाच बघवेना. दिवे लागले.

"काकू, उजेड असला की हे दिवे बंद, अंधार झाला की चालू. एवढंच आहे. भरदिवसा रस्त्यावरचे दिवे जळतात ते यशूला आवडत नव्हतं, म्हणून केलं आम्ही. तुम्ही वाकता ना, तेव्हा तुमची सावली पडते."

"माझी सावली?"

"हो."

"यशू नाही?"

"सर्किट सगळं यशूचं आहे, काकू. मी फक्त पुठ्ठा कापला."

काकू दारापर्यंत मागे गेली. मग म्हणाली, "ऑपरेशनचं मी दारातून विचारलं होतं."

कोपऱ्यातून काका बोलले. "मले पहिल्या दिवशीच समजलं होतं, राजश्री. स्टुलाखाली वाकून पाहिलं मी. पण तू जेवायला लागली होतीस."

दुसऱ्याच दिवशी तिला घेऊन आम्ही हॉस्पिटलात गेलो. डॉक्टर तरुण होता. त्याने रिपोर्ट दोनदा पाहिला. "इतने दिन क्यों रुके?"

काका म्हणाले, "चातुर्मास था।"

सुरुवातीला मी एक वाक्य परत घेतलं होतं. ते आता इथे ठेवतो. फाल्गुनात.

आता भिंतीवर फोटो दोन आहेत आणि स्टूल एकच. काका रोज सकाळी निरांजन लावायला वाकतात, पुठ्ठ्याचा बाजार उजळतो. त्यांना कारण माहीत आहे. तरी थोडे जास्त वेळ वाकलेले राहतात.

तुम्हाला उत्तर देणारा दिवा कुठे भेटला, तर नमस्कार जरूर करा. पण आधी बघा उजेड कुठून येतो आणि मध्ये कोण उभं आहे. आणि गाठ असेल तर डॉक्टरला विचारा, दिव्याला नको. दिव्याला फक्त अंधार कळतो.

बाकी माझं एवढंच काम उरलं आहे:

प्रति,
मा. जिल्हाधिकारी महोदय, जबलपूर.
विषय: गेला चातुर्मास रद्द करण्याबाबत.
महोदय, उपरोक्त चातुर्मास चुकीच्या माहितीच्या आधारे पाळण्यात आला असल्याने तो झालाच नाही असे घोषित करावे, आणि तो कालावधी कै. राजश्री यांच्या आयुष्यात आषाढापासून पूर्ववत जमा करण्यात यावा, ही नम्र विनंती.
सोबत: पुठ्ठ्याचे गेट, एक नग, चालू स्थितीत.