हातभर वायरची अट

मित्रांनो, या युगाची खरी सत्ता माझ्या हाती आहे. मी मनावर घेतलं तर जग चालू, नाहीतर अंधार. मी एक जुनी चार्जर वायर आहे. लांबी हातभर, मानेला चिकटपट्टी.

कारखान्यात जन्मले आणि या घरात फ्रिजशेजारच्या बटणाशी नांदायला आले. सुरुवातीची वर्षं कौतुकाची गेली. मग सगळ्यांनी ओढून ओढून माझी मान मोडली. आता फोन मिठाच्या बरणीवर पालथा ठेवला, तरच माझ्यातून वीज जाते. घरचे याला बिघाड म्हणतात. मी अट म्हणते.

घरातली थोरली सुरेख गायची. तिनं गाण्याचा व्हिडिओ टाकला. खाली ढीगभर लोकांनी वाहवा केली आणि एकानं लिहिलं, 'यापेक्षा बेडूक बरा.' वाहवा विसरली, बेडूक पाठ झाला. गाण्याचा क्लास सुटला, ताटात जेवण उरू लागलं. ते एकच वाक्य ती पुन्हापुन्हा उघडून वाचायची, जणू परीक्षेला येणार होतं.

पण तिच्या फोनची बॅटरी म्हातारी. घटकेघटकेला माझ्या दारात यावंच लागे. फोन पालथा पडला की बघायला काही उरत नसे. अशाच एका संध्याकाळी आई कांदा चिरता चिरता गुणगुणत होती.

"आई, सूर घसरला."

"मग तू उचल."

"मी बेडूक आहे ना."

"कोण म्हणतं?"

"काय माहीत. नाव नाही, गुलाबाचा फोटो आहे."

"गुलाबाला कान कधी फुटले गं?"

थोरलीला हसू आलं. तिनं ती ओळ गाऊन दाखवली. आईनं पुन्हा चुकवली. मला विचाराल तर मुद्दाम. थोरलीनं पुन्हा गायली, मग पुढचीही. त्याच आठवड्यात ती क्लासला गेली.

परवा बाबांनी उशीपर्यंत पोचणारी लांबलचक वायर आणली. "ही जुनी टाकू का कचऱ्यात?"

"राहू दे, बाबा. फोन हिच्याकडे असला की मला बरं वाटतं. नवी तुम्हीच घ्या."

बाबांनी घेतली. आता बाबांना झोप येत नाही.

तेव्हा ऐकून ठेवा. मी दुरुस्त होणार नाही, लांब तर मुळीच होणार नाही. फोन उताणा ठेवाल तर कणभर वीज देणार नाही. आणि मित्रांनो, ज्याला नाव नाही, कान नाहीत, त्याच्या सांगण्यावरून गाणं सोडू नका.

बाकी एकच विनंती. फोन काढताना पिन धरा, मला ओढू नका. मान दुखते.