पहाऱ्यावरची कवडी

मी एक कवडी. उरणच्या वाळूत काशीरामला सापडले तेव्हा तो विशीत होता. आता त्याची ऐंशी उलटली.

पनवेलच्या खाडीकाठी त्याचं कोळंबीचं तळं होतं. पाण्याची दारं दोन, राखणदार एकटा. ओहोटीला चोर यायचे, बांधाआडून त्याची चाल बघायचे आणि दुसऱ्या दाराशी जाळं लावायचे. मग तो मला उडवू लागला. उताणी पडले तर वरचं दार, पालथी पडले तर खालचं.

"कुठं जायाचं ते मलाच माईत नाय, तर चोराला काय कपाळ कळणार!" तो म्हणायचा.

त्याची बायको चंद्रावती हसायची. "कवडीला इचारून चालतंय माजं घर!"

त्यांची नात रंजिता सॉफ्टवेअर बनवू लागली. एका इस्पितळातल्या रुग्णांच्या फायली तिला राखायच्या होत्या. तिथेही आत शिरायला दोन वाटा, आणि कडक तपासणी एका वेळी एकीवरच जमायची. तिने मला मागून नेलं, टेबलावर ठेवलं आणि पहारा कधी कुठे, हे माझ्यासारखंच नशिबावर सोडलं. चोरांनी पुष्कळ चाचपलं, कंटाळून गेले.

एक दिवस तिचे साहेब सत्यजीत म्हणाले, "क्लायंटला काय सांगू, कवडी उडवतो? फिक्स टाइमटेबल टाक. रिपोर्ट नीट दिसतो."

"सर, ठरलेली वेळ चोरालाही कळते."

"अगं, आपल्याकडे कोण येतंय!"

शेवटी वेळापत्रक तिनेच लिहिलं. मी शेजारीच होते.

चोराने तीन आठवडे नुसतं पाहिलं. मग एका सकाळी मोकळ्या वाटेने शिरून, खंडणीसाठी सगळ्या फायलींना कुलूप घालून गेला.

त्याच दुपारी चंद्रावतीला त्याच इस्पितळात बेशुद्ध आणलं. रंजिता मला मुठीत आवळून धावली.

"बाबा, यांना कुठलं इंजेक्शन चालत नाही?" डॉक्टरांनी काशीरामला विचारलं.

"कंप्यूटरमदे हाय ना! लाल अक्षरात. रंजीनं दाखवलेलं."

रंजितालाही नाव आठवेना. डॉक्टरांना थांबता येईना. दिलं ते नेमकं तेच निघालं.

तेराव्यानंतर मला काशीरामपुढे ठेवून रंजिता म्हणाली, "आज्या, मी नाही म्हणायला हवं होतं."

काशीरामने मला उचललं. "सायबाला नाय म्हणणं सोपं नसतं, पोरी." त्याने मला तिच्यापुढे धरलं. तिने हात मागे घेतला.

पहारेकऱ्यांनो, तुमची चाल कुणी आधी ठरवून मागितली तर देऊ नका. एवढंच माझं मागणं.

तळं केव्हाच बुजलं, त्यावर इमारती आल्या. तरी रोज संध्याकाळी काशीराम मला उडवतो. मी उताणी पडते, पालथी पडते. तो माझ्याकडे बघत बसून राहतो. जायला त्याच्याकडे एकही दार उरलेलं नाही.