बाटलीभर चांगलं पाणी

“अहो जाऊबाई, घाण पाणी तपासायला मागितलं होतं, तर घाणच द्यायचं ना! एवढं कसं कळलं नाही तुम्हाला?”

मी भर अंगणात ओरडत होते. थोरल्या जाऊबाई ओट्यावर मान खाली घालून बसलेल्या. हातात नुकताच आलेला कागद. त्यांच्या विहिरीचं पाणी स्वच्छ, पिण्याजोगं, असं त्यावर छापलेलं. आणि विहिरीजवळ काडी ओढायची भीती वाटावी असा पेट्रोलचा वास!

“दारात आलेल्या माणसानं पाणी मागितलं,” त्या पुटपुटल्या. “वास मारणारं पाणी त्याच्या हातात कोणत्या तोंडानं देऊ गं?”

घ्या! आता या बाईला काय म्हणावं?

झालं होतं असं. वरच्या रस्त्याला पेट्रोलपंप आहे. त्याच्या जमिनीखालच्या टाक्या गंजून गळत होत्या, किती वर्षं कोण जाणे. वरून सगळं चकाचक, फुलझाडांच्या कुंड्यासुद्धा. खाली पेट्रोल मुरत मुरत उताराला लागलं आणि वाटेत पहिली विहीर आली ती जाऊबाईंची. भाजीचे वाफे करपले. गाय पाण्याला तोंड लावेना, नुसती फुरफुरायची. भावजी म्हणाले, “जनावराला कळलं. आता साहेबाला कळायला खेटे घालावे लागणार.”

चपला झिजल्या तेव्हा कुठे मशीन आलं. जमिनीत पाइप घातले. खालचं पाणी उपसायचं, उंच पिंपात त्यात हवा सोडायची म्हणजे वास उडतो, मग कोळशाच्या पिंपातून गाळून ओढ्यात सोडायचं. दिवसभर नुसती घरघर. माझं डोकं उठायचं, पण जाऊबाई खूश. “चालू आहे ना, मग होईल बरी विहीर,” म्हणायच्या. तोवर प्यायचं पाणी माझ्या विहिरीवरून न्यायच्या. वाटण्या झाल्यापासून मधे बांध आहे, पण पाण्याला मी कधी नाही म्हटलं नाही. चार शब्द ऐकवले असतील, तेवढंच. उचलली जीभ लावली टाळ्याला, हा माझा स्वभाव गावाला माहीत आहे.

तपासणीला आलेला बाबा बुटांना चिखल लागेल म्हणून जीपमधून उतरलाच नाही. फोन कानाला, बाटल्या खिडकीतून बाहेर. “काकू, एवढ्या भरून आणा.” काकूंनी बाटल्या राखेनं लख्ख घासल्या, बांध ओलांडून माझ्याकडे आल्या, काठोकाठ भरल्या आणि पुसून नेऊन दिल्या. वर चहाचंही विचारलं! मी तेव्हा रहाटावरच होते. इवल्याशा बाटल्या बघून नवल वाटलं खरं. पण म्हटलं, शहरातली माणसं पाणीही मोजूनमापूनच पीत असतील.

कागद आला आणि मागोमाग ट्रक येऊन मशीन घेऊन गेला. आम्ही दोघी ऑफिसात धावलो.

साहेब हसले. “बाई, लोक इथे पाणी चांगलं आहे असा दाखला मागायला येतात. खराब आहे म्हणून भांडणाऱ्या तुम्ही पहिल्याच.”

“पण साहेब, ते पाणी हिच्या विहिरीचं होतं!”

“कागदावर नाव तुमचं आहे. चांगलं आलंय तर गोड मानून घ्या. पावसाळा सरला की पुन्हा बघू.”

येताना मी म्हटलं, “माझं पाणी बघा कसं एका झटक्यात पास झालं!” मला हसू आवरेना, आणि जाऊबाईंचे डोळे भरलेले.

“तुझे भावजी गाय विकायला निघालेत,” त्या म्हणाल्या. “पाणीच नाही तर ठेवायची कशी?”

माझं हसू जिरलं. “विकायची नाही!” मी म्हटलं. “माझ्या हौदावर आणत जा तिला. माझ्या विहिरीला काय धाड भरलीय?”

पावसाळाभर गाय माझ्याकडे प्यायली. पाऊस सरता सरता एके सकाळी हौदाशी आली, फुरफुरली आणि मागे सरली. मी म्हटलं, पोट बिघडलं असेल. माझ्या चहालाही वास आला. मी म्हटलं, पातेलं नीट घासलं नसेल.

मग तपासणीला एक मुलगी आली. गुडघाभर बूट घालून थेट चिखलात उतरली. बाटली कुणाच्या हातात दिली नाही. आधी जाऊबाईंच्या विहिरीत नळी सोडली, मग बांध ओलांडून माझ्या.

वर आलेलं पाणी नाकाशी नेऊन म्हणाली, “यातही उतरलंय काकू. मशीन मधेच बंद झालं, त्यामुळे ते खाली सरकलं.”

“काहीतरीच काय बोलतेस! माझं पाणी चांगलं आहे! तुमच्याच ऑफिसनं लिहून दिलंय!” मी तरातरा जाऊबाईंच्या घरात शिरले, फळीवरचा तो कागद काढला आणि आणून तिच्यापुढे धरला. “वाच!”

तिनं वाचला. “काकू, हा तर यांच्या विहिरीचा कागद आहे.”

“नाव यांचं असलं तरी पाणी माझं होतं गं!”

“असं कसं धरणार? मशीन परत आणायला सांगते मी. तोवर दोन्ही घरांना टँकर येईल.”

मी जाऊबाईंकडे बघितलं. पावसाळाभर त्या हेच सांगत फिरल्या होत्या, आणि मी हसले होते. आज त्यांनी मला धुऊन काढलं असतं तरी मी ब्र काढला नसता.

त्यांनी माझ्या हातातला कागद घेतला, नीट घडी घातली आणि म्हणाल्या, “जा, घागर घासून ठेव. टँकरपाशी तुझी जागा मी धरते.”