बिजलीचं काळीज

शेषेरावांनी घोडीच्या छातीवरचे केस पाण्याने ओले केले आणि डॉक्टर रेणुकाने तिथे ईसीजीच्या वायरींचे चिमटे लावले. अंगणाच्या दुसऱ्या टोकाला वैजनाथ हलगी शेकून तयार बसला होता.

"मॅडम, जिती हाय तवर ऱ्हाऊ द्या की. कशाला वाजवून बघायचं?" शेषेराव काकुळतीने म्हणाले.

"मामा, गोळ्या लागू पडल्या का ते नुसतं बघून कसं कळणार? गरज पडली तर इंजेक्शन भरून ठेवलंय."

बिजली म्हणजे माळेगावच्या जत्रेत नाव काढलेली नाचरी घोडी. गेल्या लग्नसराईत एका वरातीत तिचे पाय लटपटले. घोडी ढिली पडली की हलगी चढवायची, ही इकडची रीत. शेषेरावांनीच ओरडून हलगी चढवायला लावली आणि बिजली नवरदेवासकट कोसळली. नवरदेवाचं खरचटण्यावर निभावलं. शेषेरावांच्या तोंडची चव मात्र गेली ती गेलीच. पोटच्या पोरीसारखी वाढवली होती त्यांनी तिला.

रेणुकाने तेव्हाच समजावलं होतं. हलगी ऐकली की बिजलीच्या रक्तात जोश उसळतो, तो काळजाच्या दारांतून आत घुसतो आणि ठोके बेताल होतात. अशात जीवही जातो. या गोळ्या ती दारंच अडवून धरतात.

"वाजवा," रेणुका म्हणाली.

हलगी कडाडली. बिजलीचे कान ताठ झाले. शेषेरावांनी डोळे गच्च मिटून घेतले.

"अजून जोरात!"

वैजनाथाने हात सैल सोडला. कुत्री भुंकायला लागली. यंत्रातून कागदाची पट्टी सरकत राहिली.

"मामा, डोळे उघडा! एक ठोका चुकला नाही, एकसुद्धा!" इतका वेळ गंभीर असलेली रेणुका पट्टी नाचवत ओरडली.

शेषेरावांना पट्टीतलं ओ की ठो कळलं नाही. घोडी उभी आहे, एवढं कळलं. ती हिरवा घास चघळत होती. हलगी चालू असूनही तिने खूर उचलला नव्हता.

"ही नाचंना की वो."

"आता नाचणार नाही बहुतेक. वरातीला तर नेऊच नका. पण जगेल, मामा."

वैजनाथाचे हात थांबले. त्या नाचावर दोघांच्याही चुली पेटत होत्या. शेषेरावांनी बिजलीच्या मानेवरून हात फिरवला आणि धोतराचा सोगा कंबरेला खोचला.

"थांबला कामून रं? वाजीव की!"

आणि जन्मभर घोडी नाचवणारा तो माणूस दोन्ही हात वर करून स्वतःच नाचू लागला. बिजली घास चघळत त्यांच्याकडे बघत राहिली.