रिकामा डोंगा

राजदीप सरांनी स्पेसबार दाबला आणि पडद्यावरच्या डोंग्यातल्या, म्हणजे लहानशा होडीतल्या, माणसानं दोर ओढला. समोरचा रिकामा डोंगा सुळकन पुढे आला, माणसाच्या डोंग्याला टेकला आणि थांबला. वर पिवळ्या अक्षरांत उमटलं, ‘बल लावले की वस्तू हलते.’ चौथीच्या वर्गानं टाळ्या वाजवल्या. टाळ्या कधी वाजवायच्या हे सरांनी आदल्या दिवशीच शिकवून ठेवलं होतं.

तालुक्याच्या समितीचे तिघं खुर्च्यांवर बसले होते. मधले गुणवंतराव, विज्ञानाचे परीक्षक, पुढे वाकून पडद्याकडे बघत होते. शिक्षकांनी स्वतः तयार केलेल्या साहित्याची ती स्पर्धा होती. सकाळपासून चार शाळांत त्यांनी थर्माकोलचे ज्वालामुखी आणि पुठ्ठ्याचे तराजू पाहिले होते. आणि इथे, मूल या तालुक्याच्या गावापासून पंधरा किलोमीटर आत, एका कौलारू शाळेत, देणगीत मिळालेल्या एकुलत्या एक कॉम्प्युटरवर पोरं गाडी ढकलत होती, चेंडू घरंगळवत होती, डोंगा ओढत होती. कळ दाबायची, जोर कमी-जास्त करायचा आणि काय होतं ते बघायचं. दोन हजार तीन साली त्या भागात हे नवलच होतं.

“कोणाला काही विचारायचं आहे का?” गुणवंतरावांनी वर्गाला विचारलं.

हा प्रश्न काही आदल्या दिवशीच्या तालमीत नव्हता. मंगलीनं हात वर केला.

मंगली म्हणजे तलावातले मासे-शिंगाडे काढून पोट भरणाऱ्या इस्तारी ढिवराची पोरगी. हात वर करणं हा तिचा रोगच होता म्हणा ना. ‘सर, गाडी थांबते तवा तिचा जोर कुठी जाते?’ असं विचारून तिनं एकदा सरांची अख्खी मधली सुट्टी खाल्ली होती, आणि त्या दिवशी सर शीळ घालत घरी गेले होते.

“सर, हे चुकलं,” ती उभी राहून म्हणाली. “दोर वढला का दोनी डोंगे येतेत. मानसाचा बी येते. थोडासाच येते, पन येते.”

गुणवंतराव सरांकडे बघू लागले.

पोरगी बरोबर बोलत होती, आणि ते राजदीपला पक्कं माहीत होतं. माणूस दोराला ओढतो तसा दोरही माणसाला ओढतो, हे त्यानं डी.एड.च्या परीक्षेत लिहून गुण घेतले होते. प्रोग्रॅम करताना त्यानं दोन्ही डोंगे हलवूनही पाहिले होते. पण माणूस आठ तुकड्यांनी काढलेला. डोंगा पुढे सरकायचा आणि बुवा मागेच पाण्यावर उभा! तीन रविवार त्यात घातल्यावर त्यानं वैतागून माणसाचा डोंगा जागच्या जागी खिळवून टाकला होता. चौथीची पोरं ती, त्यांना काय कळतंय, असं म्हणून.

“खाली बस,” तो म्हणाला.

“पन सर, आमी शिंगाडे काढाले जातो नं, तवा—”

“मंगली, कॉम्प्युटर मोठा का तुझा डोंगा?”

वर्ग खो-खो हसला. हे हसणं शिकवलेलं नव्हतं. गुणवंतरावही हसले आणि त्यांनी वहीत काहीतरी लिहिलं. मंगली बसली. बसताना तिनं फ्रॉक नीट गुडघ्यांवर ओढून घेतला, आणि मग तास संपेपर्यंत ती तो ओढतच राहिली.

दुसऱ्या दिवशी निरोप आला, तालुक्यातून पहिला नंबर. महिन्याभरानं जिल्ह्याची समिती शाळेत येणार, आणि तिथेही पहिला नंबर लागला तर शाळेला आणखी चार कॉम्प्युटर मिळणार. मुख्याध्यापकांनी पेढे वाटले. राजदीपनं आपला पेढा खिशात ठेवला. तो तिथेच चुरगळला आणि शर्टाला डाग पडला.

त्यानंतर मंगलीचा हात काही वर आला नाही.

आधी त्याला वाटलं, रुसली असेल. लेकराचा रुसवा किती दिवस टिकणार? म्हणून मग तोच तिला मुद्दाम विचारू लागला. ती उभी राहायची, पुस्तकात असेल ते घडाघडा म्हणायची आणि बसायची. वही स्वच्छ, अक्षर गोल. तक्रारीला जागाच नाही. एके दिवशी त्यानं तिचाच जुना प्रश्न तिला विचारून पाहिला.

“मंगली, गाडी थांबते तेव्हा तिचा जोर कुठे जातो गं?”

“ते पुस्तकात नाई, सर.”

राजदीपला लाज वाटली. वरवरची नव्हे, चांगली कानशिलं तापेपर्यंत लाज वाटली. एका पोरीचं तोंड आपण बंद केलं, आणि तेही आपली चूक झाकायला. खडू हातात धरून तो फळ्याकडे वळला आणि उगाचच तारीख पुसून पुन्हा लिहिली.

रविवारी सकाळी तो सायकल काढून तलावावर गेला. सांगून टाकायचं, असं ठरवूनच निघाला होता. तलावाचा निम्मा भाग शिंगाड्याच्या वेलानं झाकला होता. मंगली डोंग्यात बसली होती. थोड्या अंतरावर काढलेल्या शिंगाड्यांचा दुसरा लहान डोंगा होता, आणि ती त्याचा दोर दोन्ही हातांनी ओढत होती. लहान डोंगा तिच्याकडे येत होता, आणि तिचा डोंगा हळूहळू त्याच्याकडे जात होता. तिच्या डोंग्याच्या टोकाशी पाणी फाकत होतं. राजदीप पाळीवर, तलावाच्या बांधावर, उभा राहून बघत राहिला. चौथीच्या पोरीला रोज सकाळी दिसत होतं, ते तो तीन रविवारांत दाखवू शकला नव्हता.

“अगं बाई, सर आले!” मंगलीची आई गोकुळा कंबरभर पाण्यातून बाहेर आली आणि पदर सारखा करत म्हणाली, “पोरीनं सायबापुढं तुमाले खोटं पाडलं म्हने. मले उशिरा समजलं, सर. मी तिले चांगली झोडपली. म्हटलं, सर तुमच्यासाठी एवढं करून राह्यले, अन् तू काऊन मधात बोलतं?”

“नाही हो बाई,” राजदीप म्हणाला. “मारायचं कशाला? तिचं काही चुकलं नव्हतं.”

एवढं बोलून तो थांबला. पुढचं वाक्य तोंडात तयार होतं, माझंच चुकलं होतं. पण गोकुळेनं तेवढ्यात हात जोडले.

“तुमचं मन मोठं हाये, सर. दुसरा असता तं पोरीले शाळेतून काढलं असतं.”

राजदीप सायकलकडे वळला. तिनं उकडलेले शिंगाडे पिशवीत भरून त्याच्या सायकलला अडकवले. मंगलीनं डोंग्यातूनच ‘नमस्ते सर’ म्हटलं आणि मान खाली घालून शिंगाड्यांसाठी वेल उलटायला लागली. तो घरी आला. शिंगाडे गोड होते, पण त्याला तीनच्या वर खाववले नाहीत.

त्याच दुपारी तो प्रोग्रॅम उघडून बसला. माणूस आणि डोंगा वेगवेगळे न ठेवता त्यानं दोघांचं एकच चित्र केलं. स्पेसबार दाबला. रिकामा डोंगा भरभर आला, माणसाचा माणसासकट थोडासा पुढे सरकला आणि दोघे मध्येच भेटले. अर्धा तास लागला होता. अर्ध्या तासाचं काम! राजदीपनं कपाळावर हात मारून घेतला.

मग त्याच्या मनात एक बेत शिजू लागला. जिल्ह्याची समिती येईल तेव्हा हाच प्रश्न मंगलीला विचारायचा. ती सांगेल, दोन्ही डोंगे येतात. आपण कळ दाबायची, पडद्यावर दोन्ही डोंगे येतील. टाळ्या तिला पडतील, तिचा हात पुन्हा वर येईल, आणि आपल्याला कोणापुढे काही कबूल करायची गरजही पडणार नाही. झालं गेलं गंगेला मिळालं. बेत त्याला इतका आवडला की त्या रात्री त्याला बऱ्याच दिवसांनी झोप लागली.

समिती येण्याच्या आदल्या दिवशी शाळा सुटताना मंगली व्हरांड्यात चपला शोधत होती. आजूबाजूला कोणी नव्हतं. आता तरी तिला सांगून टाकावं म्हणून तो तिच्याजवळ जाऊन उभा राहिला.

“मंगली.”

“जी, सर.”

“उद्या वेणी-फणी करून ये हं. पाहुणे आहेत.”

“जी, सर,” ती म्हणाली आणि गेली. राजदीपनं स्वतःला मनातल्या मनात एक शिवी हासडली. पण उद्या सगळं आपोआप निस्तरणारच होतं.

जिल्ह्याच्या समितीत मुख्य होत्या इंदुताई, सोनेरी काड्यांचा चष्मा लावलेल्या, बोलायला गोड. सोबत तालुक्याचे म्हणून गुणवंतराव होते. गाडी झाली, चेंडू झाला. वीजही टिकून होती. डोंग्यांचं चित्र पडद्यावर आलं तेव्हा राजदीपनं घसा साफ केला.

“आता कळ दाबायच्या आधी मुलंच सांगतील. मंगली, तू सांग. माणसानं दोर ओढला तर काय होईल?”

मंगली पुढे आली. तेल लावून चापून वेणी घातलेली, लाल रिबिनी. तिनं पडद्याकडे पाहिलं, मग गुणवंतरावांकडे, मग सरांकडे. सरांनी डोळ्यांनीच तिला ‘बोल, बोल’ म्हटलं.

“रिकामाच डोंगा येते,” ती स्पष्ट, मोठ्या आवाजात म्हणाली. “मानसाचा जागचा हालत नाई.”

आणि ती सरांकडे बघून किंचित हसली. महिन्याभरानं पहिल्यांदाच हसली. या खेपेला आपण सरांना सांभाळून घेतलं, असं तिच्या तोंडावर उघड दिसत होतं.

राजदीपचं बोट स्पेसबारवर होतं. सगळे पडद्याकडे बघत होते. त्याला दुसरं काही सुचलं नाही, त्यानं कळ दाबली. रिकामा डोंगा आला, माणसाचा डोंगाही आला, थोडासाच आला, पण आला.

मुलांमध्ये हशा पिकला. इंदुताईही हसल्या, प्रेमानंच हसल्या.

“अगं, दोन्ही आले की! बघा गुणवंतराव, म्हणून हे कॉम्प्युटर हवेत. खेड्यातल्या मुलांना असं डोळ्यांनी दिसल्याशिवाय कळायचं कसं?”

गुणवंतरावांनी एकदा पडद्याकडे आणि एकदा मंगलीकडे पाहिलं. त्यांच्या काहीतरी लक्षात येऊ लागलं होतं, पण वरिष्ठांच्या बोलण्यात मध्ये पडायची त्यांची पद्धत नव्हती.

मंगली पडद्याकडे बघत होती. तिचं हसू अजून पुरतं गेलं नव्हतं, नुसतं ते कुठे ठेवावं हे तिला समजत नव्हतं. तिनं सरांकडे पाहिलं. त्या बघण्यात राग असता तर राजदीपला बरं वाटलं असतं. आपलंच पुन्हा काहीतरी चुकलं, एवढंच त्यात होतं.

“बाळ, तू कधी डोंग्यात बसली आहेस का?” इंदुताईंनी विचारलं.

मंगलीनं दोन्ही हात पाठीमागे नेले. राजदीप तिच्या बाजूलाच उभा होता, त्याला ते दिसत होते. शिंगाड्यांच्या काट्यांनी टोचलेली, सालींनी काळी पडलेली बोटं. सकाळीसुद्धा ती तलावावर जाऊन आली असणार.

“नाई,” ती म्हणाली.

या खेपेला वर्गात कोणीच हसलं नाही. ती कोणाची पोरगी आहे हे तिथल्या प्रत्येक पोराला माहीत होतं.

“असू दे, असू दे,” म्हणत इंदुताईंनी पेनचं टोपण काढलं आणि गुणांचा कागद पुढे ओढला.

“मॅडम, थांबा,” राजदीप म्हणाला. “गुण नका लिहू अजून. गेल्या महिन्यात ही पोरगी याच वर्गात काय बोलली होती, आणि मी तिला काय म्हणालो होतो, ते आधी ऐका.”

इंदुताईंनी पेन उचललेलंच ठेवलं. मंगली घाबरून सरांकडे बघत होती आणि हळूहळू मान हलवून त्यांना नको, नको म्हणत होती.