देवाला सोडलेला मेंढा

लोरेन्त्स साहेबाला मारायचं असं येडू रखवालदारानं ठरवलं, तेव्हा साहेबाचं मशीन अजून अर्धं खोक्यातच होतं. ही गोष्ट त्यानं सांगितली ती एकट्या शिवशरणला. दुपारच्या चहाला, बॉयलरखोलीच्या सावलीत, उद्या रजा पाहिजे म्हणून सांगावं तशी.

शिवशरण रसायनशास्त्र घेऊन बी.एस्सी. झालेला. अक्कलकोट रोड एमआयडीसीत भीमाशंकरअण्णांच्या कारखान्यात तो सुताचं रंगखातं सांभाळायचा, म्हणून सगळे त्याला मास्तर म्हणत. चादर दोनदा धुतली की रंग उतरतो, ही गिऱ्हाइकांची तक्रार ऐकून ऐकून अण्णांचे कान किटले होते. शेवटी त्यांनी दाबाखाली सूत रंगवणारं मशीन थेट जर्मनीहून मागवलं, आणि ते उभं करायला मशीनवाल्यांनी हा साठीतला इंजिनिअर पाठवला. उंच, पांढऱ्या केसांचा, हातात सुती मोजे. काम बिघडवणाऱ्या फिटरलाही तो हात जोडून 'प्लीज' म्हणायचा. चार दिवसांत सगळ्या कारखान्याचा लाडका झाला होता.

"त्योच हाय, मास्तर," येडू म्हणाला. "हातमोज्या."

"कोण हातमोज्या?"

येडू सांगोल्याकडचा धनगर. बहात्तरच्या दुष्काळात मेंढरं गेली तेव्हा तो भावजयीला, मायाक्काला, घेऊन सोलापुरात आला आणि फाटकावर बसला. जुना फौजी म्हणून अण्णांनी त्याला ठेवून घेतलं होतं, एवढंच शिवशरणला ठाऊक होतं. बाकीचं आज कळत होतं.

"मी आन् माजा धाकला भाऊ गुंडा, दोगं बी फौजेत. वाळवंटात जर्मनानं धरलं, मग फ्रान्सात छावणीत कोंडलं. एक दिस वरनं बाँब पडलं, तारंचं कुंपान तुटलं, आमी पळालो. लपलो कुटं, तर एका शेतकऱ्याच्या मेंढराच्या कोठ्यात. मला आन् बाकीच्यास्नी भाईर धरलं. गुंडा आत, मेंढरात. धनगराचं पोरगं त्ये. मेंढरात आसं निजलं की एक मेंढरू हाललं न्हाय. समद्यांनी शोदलं, घावंना."

येडूनं चहा संपवला. कपाच्या तळाचा गाळ झटकला.

"मग ह्यो पुढं आला. दातानं वडून हातातला मोजा काडला. आदी करंगळी, मग येकेक बोट. उगडा हात वर केला आन् शपत घेतली. दुभाष्यानं वरडून सांगितलं, साहेब शब्द देतोय, भाईर आलास तर कुनी हात लावणार न्हाय. गुंडाला वाटलं, शपत घेतलीया म्हंजी घेतलीया. आला की भाईर, आंगावरची लोकर झाडत."

"मग?"

"मग काय? त्याच हातानं गोळी घातली."

लढाई संपल्यावर इंग्रजांनी छावणीतल्यांचे जबाब घेतले होते. अशा अधिकाऱ्यांना शोधून फाशी देणार म्हणून सांगितलं होतं. नाव विचारल्यावर येडू म्हणाला 'हातमोज्या', आणि लिहून घेणारा गोरा खो खो हसला होता. हातमोज्या कधीच सापडला नाही. आता तो नाव बदलून की त्याच नावानं, पण अक्कलकोट रोडला येऊन बसला होता आणि रोज फाटकातून आत जाताना येडूला सलाम करत होता.

"येडूमामा, तीस वर्षं झाली. मोजे तसे काढणारे हजार असतील."

"आसतील की. म्हणून तर तुमास्नी सांगतोय. तुमाला त्याच्याशी विंग्रजी बोलता येतंय. इचारून बगा. भलताच मानूस मारला तर पाप माज्या डोक्यावर."

"आणि तोच निघाला तर?"

"तर पाप न्हाय," येडू म्हणाला.

शिवशरण हबकला होता, पण त्याला कुतूहलही वाटलं, हे त्याचं त्यालाच आवडलं नाही. एखाद्या नमुन्यात अमुक क्षार आहे की नाही, तसाच हा प्रश्न होता: आहे किंवा नाही. तपासायला काय हरकत आहे?

दुसऱ्या दिवशी पाइप जोडता जोडता त्यानं सहज विषय काढला. लढाईत साहेब कुठे होते? साहेब हसला. नॉर्वेत, म्हणाला. जहाजांची इंजिनं दुरुस्त करत होतो. गोळी कशी सुटते तेही पाहिलं नाही. आणि हिंदुस्थानी माणूस? छे, सोलापूरला येईपर्यंत एकही पाहिला नव्हता. किती चांगली माणसं तुम्ही!

शिवशरणला हायसं वाटलं. नाही, म्हणजे नाहीच. येडूला आता तसं सांगून मोकळं व्हायचं.

पण दुपारी जेवायला बसले. हॉटेलच्या मसाल्यानं साहेबाचं पोट बिघडलं होतं, म्हणून अण्णांनी मायाक्काला शेडमागे चूल मांडून दिली होती. तिच्या ज्वारीच्या भाकऱ्या साहेबाला मानवल्या होत्या. आज तो पाट ओढून चुलीशीच बसला. मायाक्का भाकरी थापत होती, बांगड्या वाजत होत्या. गुंडा मेला असं सरकारनं कधी लिहून कळवलं नाही, 'बेपत्ता' म्हणाले, म्हणून येडूनं सांगूनही, पन्नाशी उलटली तरी तिचं कुंकू आणि बांगड्या तशाच होत्या.

"तव्यावर बरी होते," साहेब कौतुकानं म्हणाला. "ते लोक फावड्यावर भाजायचे. कोळशाच्या फावड्यावर, स्टोव्हमध्ये सरकवून. आणि फावडं नेलं म्हणून आम्ही ओरडलो की..."

तो थांबला. घास तोंडात तसाच होता. मग त्यानं तो नीट चावून गिळला आणि मशीनच्या व्हॉल्व्हबद्दल बोलायला लागला.

शिवशरण ताटावरून उठला. त्यानं हात धुतले आणि फाटकाकडे गेला. वाटेत दोनदा थांबला. नाही सांगितलं तर? पण विचारून बघा, असं येडूनंच सांगितलं होतं.

"छावणीत भाकरी कशावर भाजायचात, मामा?"

"फावड्यावर," येडू म्हणाला. मग त्यानं वर पाहिलं. शिवशरणच्या तोंडाकडे पाहूनच त्याला सगळं कळलं. तो उठला, खोपटात गेला, घोंगडीत गुंडाळलेली कुऱ्हाड बाहेर काढली आणि धारेवरून अंगठा फिरवून पुन्हा ठेवून दिली.

"मामा, दिल्लीला वकिलातीला कळवू. मी लिहितो. असल्या लोकांना अजून शोधतात, खटले चालवतात."

"एकदा सांगून बगितलंय की. हसलं हुतं." येडू खाली बसला. "परवा मशीन चालू हुनार. सकाळच्याला त्यो एकटाच चाचनी घ्यायला येतो. तवाच."

"मायाक्काला?"

"ठावं हाय तिला."

"आणि ती त्याला भाकऱ्या करून घालते?"

"ती म्हनली, परवापत्तूर खाऊ द्या."

परवा उजाडला. शिवशरण रात्रभर तळमळला होता. पोलिसांत जायचं तर येडूला धरून द्यायचं, आणि गप्प बसायचं तर खुनात सामील. तो नेहमीपेक्षा लवकर कारखान्यात आला, तर अंगणात ही गर्दी. अण्णांना पहाटेच कुणीतरी मुहूर्त सांगितला होता, दहाचा नव्हे, आताचा. मशीनला आंब्याची तोरणं, पुढे नारळ, अण्णा पांढऱ्या धोतरात, कपाळावर विभूतीचे पट्टे. साहेबाच्या गळ्यात झेंडूचा हार. चाचणी वगैरे सगळं राहिलं. आणि फाटकापाशी येडू, खांद्यावर घोंगडी, घोंगडीखाली हात.

"अरे येडू! ये की इकडं!" अण्णा ओरडले. "तुझ्याशिवाय कुठलं मशीन सुरू झालंय आपलं? बॉयलर पेटवला तेव्हा तुझ्या बिरोबाचा भंडारा लावला, अजून एकदा तरी बंद पडलाय का? आण पिशवी."

येडू हलला नाही.

"लाजतो काय नव्या नवरीवानी! आण म्हणतो ना. आधी मशीनला लाव, मग साहेबाला लाव. एवढ्या लांबून आलाय माणूस आपल्यासाठी."

सगळे हसले. कुणीतरी येडूला पाठीमागून ढकललं. घोंगडी तिथेच भिंतीला टेकवून तो पुढे आला. कमरेची पिशवी सोडली. मशीनच्या पत्र्यावर पिवळी बोटं ओढली. मग साहेबापुढे उभा राहिला. साहेबानं मोजा दातानं ओढून काढला, हात जोडले आणि मान खाली घातली.

येडूचा हात हवेत थांबला. मग येडूनं साहेबाच्या कपाळभर भंडारा फासला. टाळ्या वाजल्या.

"झालं," नंतर बॉयलरखोलीमागे येडू म्हणाला. त्याच्या बोटांची हळद अजून तशीच होती. "एकांदा मेंढा देवाला सोडतो न्हव आमी, तवा त्याला भंडारा लावतो. मग त्याला कुनी कापत न्हाय. कुनाच्या बी रानात चरू दे, म्हातारा होऊन मरू दे. आन् ज्यानं लावला त्यानं तर त्याला काटी बी मारायची न्हाय. माज्याच हातानं लावला, मास्तर."

"पण तुम्ही मनानं थोडाच लावला?"

"भंडाऱ्याला मन कुटं इचारत्यात?"

शिवशरणच्या छातीवरचा धोंडा उतरला. तो देव मानत नव्हता. घरच्या लिंगपूजेलाही आईच्या धाकानं बसायचा. पण येडूच्या खांद्यावर हात ठेवून तो गंभीरपणे म्हणाला, "देवाच्याच मनात नव्हतं, मामा. त्याला जास्त कळतं."

येडूनं मान डोलावली.

दुपारी साहेब मुंबईच्या गाडीला निघाला. अण्णा जेवून आडवे झाले होते. पोचवायला शिवशरण. सिदू ड्रायव्हरनं जीप फाटकापाशी आणली आणि हॉर्न दिला. फाटकावरचा आडवा बांबू उचलला गेला नाही. येडू बांबूचा दोर धरून उभा होता. शेजारी मायाक्का, डोक्यावर पदर.

येडू जीपच्या खिडकीशी आला आणि मोठ्यानं म्हणाला, "कोम राउस!"

बाहेर ये. एवढीच जर्मन त्याच्यापाशी होती, पण आवाज त्याचा नव्हता, दुसऱ्या कुणाचा तरी जसाच्या तसा होता. साहेबाच्या तोंडावरचा रंग गेला.

"मास्तर, त्याला म्हनावं, मी काय करनार न्हाय. आमास्नी तवाच हाकलून नेलं. गुंडाला कुटं पुरलं, तेवडं सांग."

शिवशरणनं जीपमधून खाली उतरून प्रश्न इंग्रजीत सांगितला. त्याला वाटलं होतं, साहेब नाकबूल करेल. तेच सोपं होतं. पण साहेबानं चष्मा काढला, पुसला, येडूच्या रिकाम्या हातांकडे पाहिलं. या देशात आपल्याला कुणी काही करणार नाही हे त्याला त्या हातांवरून उमगलं असावं. मग मशीनच्या व्हॉल्व्हबद्दल बोलायचा त्याच सुरात तो बोलला.

"पुरलं नाही," शिवशरण येडूला म्हणाला.

"मग? सांगा की."

"खणायला वेळ नव्हता, म्हणतो. त्याला आत टाकून कोठा पेटवून दिला."

येडूनं थोडा विचार केला. "आन् मेंढरं?"

शिवशरणनं विचारलं. साहेबाला या प्रश्नाचं नवल वाटलेलं दिसलं. त्यानं उत्तर दिलं.

"मेंढरं आधी बाहेर काढली होती."

"व्हय," येडू म्हणाला. "मेंढरं काढली." त्यानं दोर ओढला. बांबू वर गेला. साहेबानं सिदूच्या पाठीवर थाप मारली, आणि शिवशरण खाली उतरलेला आहे हे न बघताच जीप निघून गेली.

"सोडलासा?" मायाक्का म्हणाली.

"देवाचा झाला त्यो, माया."

"आन् आमी कुनाचं, भावजी? तीस वर्सं हिरव्या बांगड्या घालून कुनाची वाट बगितली मी? त्याच्या भाकऱ्या बी मीच थापायच्या आन् देव बी त्याचाच?"

तिनं पुढे होऊन त्याच्या कमरेची पिशवी हिसकली आणि रंगखात्याच्या गटारात उलटी केली. सकाळपासून नव्या मशीनमध्ये सूत कॉस्टिक सोड्यात उकळून धुणं चाललं होतं, त्याचं पाणी वाहत होतं. भंडारा पाण्याला लागला आणि लाल झाला. रेघ लांबत फाटकाबाहेर गेली. मायाक्कानं तिकडे पाहिलंही नाही. ती चुलीकडे निघून गेली.

येडू मात्र गुडघ्यांवर बसला. त्याचे ओठ हलत होते. "रगत," तो पुटपुटला. "देव कोपला, मास्तर. आमच्यावर कोपला."

शिवशरणला ते बघवेना. एवढं दुःख पुरे झालं, त्यात ही भीती तरी नको, असं त्याला मनापासून वाटलं.

"नाही मामा, कोप वगैरे काही नाही. हळद आहे ती. हळदीला कॉस्टिक लागलं की ती लाल होते. कुणाचीही होते. मी प्रयोगशाळेत शंभरदा केलंय."

"कुनाची बी?"

"कुणाचीही."

"म्हंजी देवाचं काय न्हाय ह्यात?"

"काही नाही. नुसती हळद."

येडू उठला. गटाराकडे पाहिलं, मग स्टेशनच्या रस्त्याकडे. जीप केव्हाच दिसेनाशी झाली होती, धूळही खाली बसली होती. त्यानं वर गेलेला बांबू हळूहळू खाली घेतला आणि दोराची गाठ मारली.

"हे सकाळच्याला सांगायचं हुतं की, मास्तर," तो म्हणाला.